रिपोर्ट नॉर्मल होता

मोहगावच्या शाळेत फळ्यावर गणित लिहिताना मला एका ओळीच्या दोन ओळी दिसू लागल्या. डाव्या डोळ्यामागे आठवडाभर गिरमिट फिरवल्यासारखं दुखत होतंच. दुसऱ्या दिवशी पापणी खाली आली, ती उचलेचना.

पांढुर्ण्याच्या डॉक्टरांनी नागपूरहून मेंदूचा एमआरआय करून आणायला लावला. फिल्म उजेडात धरली आणि मला सोडून माझ्या नवऱ्याला म्हणाले, "सगळं नॉर्मल आहे. सौंसरला होणारी बदली अडकली म्हणून टेन्शन घेऊन राहिल्या. पापणी त्या स्वतःच पाडतात." दार उघडं होतं. बाहेर बाकावर माझ्या शाळेतले दोन पालक बसले होते.

घरात माझं दुखणं नाटक ठरलं. नवरा म्हणायचा, "मशीन काय खोटं बोलते का?" मी दुखरा डोळा बांधून भाकरी थापायची आणि मनाशी म्हणायची, त्या डॉक्टरला मी सोडणार नाही.

तिसऱ्या आठवड्यात एकटीच नागपूरला गेले. तिथल्या मेंदूरोगतज्ज्ञ बाईंनी फिल्म पाहून बाजूला ठेवली, माझी डावी पापणी उचलून धरली आणि समोर बोट फिरवलं. उजवा डोळा बोटामागे गेला, डावा जागचा हलला नाही.

"हे कोणाला मुद्दाम करता येत नाही," त्या म्हणाल्या. डोळा फिरवणाऱ्या नसांजवळ सूज होती. अशी सूज स्कॅनमध्ये कधी कधी दिसतच नाही. साखर, क्षय, रक्तवाहिनीचा फुगा, असं एकेक तपासून यातलं काही नसल्याची त्यांनी खात्री केली, मग स्टिरॉइड दिलं. तिसऱ्या दिवशी दुखणं थांबलं. पापणी वर यायला आणि डोळा पूर्ण वळायला दोन महिने लागले.

मग बाजाराच्या दिवशी, दवाखाना भरलेला असताना, नवऱ्याला घेऊन पांढुर्ण्याला गेले. डॉक्टरांसमोर नागपूरचा निदानाचा कागद ठेवला.

"मोठ्यानं वाचा."

"मॅडम, दार लावून बोलू."

"तेव्हा उघडं होतं. आताही राहू द्या."

त्यांनी वाचलं. आवाज खाली गेला तिथे मी पुन्हा वाचायला लावलं. बाहेरच्या बाकावरचे लोक दाराशी सरकले होते.

"आता बोट फिरवा. तेव्हा फिरवलं नव्हतं."

त्यांनी फिरवलं. मी दोन्ही डोळे सावकाश बोटामागे फिरवले, त्यांचा चेहरा उतरेपर्यंत.

बाहेर नवरा गाडीपाशी उभा होता. "झालं ना तुझ्या मनासारखं? सोड आता."

"तुमचं राहिलं आहे," मी म्हटलं.

त्याच संध्याकाळी सासूबाईंसमोर त्याला माफी मागायला लावली. त्यानं मागितली. तरी माझा राग काही निवला नाही.