खोटारडा काटा

उभ्या मराठवाड्यात तापलेल्या इंजिनाशेजारी बसून ज्यानं अर्धं आयुष्य काढलं असा माणूस कोण, असं कुणी विचारलं तर मी डोळे मिटून आमच्या काकांकडं बोट दाखवीन. आणि त्यांच्या शेजारी मांडीवर पाण्याची घागर घेऊन बसण्याचं नशीब कुणाचं, असं विचारलं तर ते बोट मला माझ्याकडंच वळवावं लागेल. काका म्हणजे माझ्या थोरल्या मावशीचे यजमान. माकणीच्या अलीकडं, तेरणा नदीच्या काठाला त्यांचं गाव. मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्या सुमाराला मी त्या गावच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो आणि मावशीकडंच राहायला गेलो. मावशीच्या हातची भाकरी आयती मिळणार म्हणून खुशीत होतो. भाकरीबरोबर एक पिकअप गाडीही पदरात पडणार आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

ही गाडी निजामाच्या अमदानीत कुण्या जहागीरदाराची. तिच्यातून तो शिकारीला जायचा. अमदानी गेली, जहागीर गेली, शिकारही गेली. राहिलेली गाडी काकांनी घेतली. पुढं तिघं कसेबसे बसतील एवढी बैठक, मागं लाकडी हौदा. त्या हौद्यातून काकांनी तूर नेली, शेळ्या नेल्या, वऱ्हाडं नेली, एकदा तर पेटी-पखवाजासकट अख्खं भजनी मंडळ नेलं. सपाटीला गाडी गुणाची होती. पण समोर चढ दिसला रे दिसला की फळीवरचा उष्णतेचा काटा उठायचा आणि लाल रेघेवर जाऊन जावयासारखा बसून राहायचा. मग बॉनेटमधून वाफ, काकांची हाक आणि माझी घागर. तीन महिन्यांत माझ्या सगळ्या धोतरांचे सोगे गंजाच्या डागांनी तांबडे झाले होते.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण या गाडीत मावशीचा जीव अडकला होता. गाडी दारात आली त्याच दिवशी तिनं तुळजापूरच्या देवीला बोलून ठेवलं होतं: ह्यांच्या गाडीत, ह्यांच्या शेजारी बसून येईन, तुझी ओटी भरीन, आणि तोवर गोडाला शिवणार न्हाय. बिचारीला वाटलं असेल, महिन्याभराचा प्रश्न आहे. तुळजापूर म्हणजे काही काशी नव्हे. पण तुळजापूरच्या अलीकडं चढ आहे, आणि तो चढ ती गाडी सात जन्मांत चढेल अशी लक्षणं नव्हती. वर्षं गेली. होळीला मावशी पुरणपोळ्या लाटायची, आम्हाला तुपात बुडवून वाढायची आणि स्वतः चुलीपुढं बसून पिठलं-भाकरी खायची. पोळी खाताना मी तिच्याकडं बघायचं टाळायचो. काका तर खाली मान घालून जेवत आणि एकाच पोळीवर हात धुवत.

काकांचं म्हणणं एकच, काटा खोटारडा आहे. "जहागीरदाराचा काटा हाय मास्तर, त्याला उगं बोंब मारायची सवयच हाय." नात्यानं मी भाचा, पण मास्तर म्हणून ते मला अहो-जाहो करत. गाडी थांबली की खाली उतरून बॉनेटवर उपडा हात ठेवत, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा. हाताला चटका बसायचा, डोळ्यांत पाणी यायचं, पण तोंडानं म्हणत, "लई न्हाय. जरा कणकण हाय." मग त्या कणकणीवर इलाज सुरू. पंख्याचा पट्टा ढिला आहे म्हणून तो आवळला, आवळून आवळून तोडला, आणि त्या जागी बैलाचा कासरा बांधला. इंजिनातली पाणी अडवणारी झडप काढून फेकली. रेडिएटरपुढं ओलं गोणपाट बांधलं. एकदा तर चढावर गाडी उलटी फिरवून पाठमोरी चढवून बघितली. समोरून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरनं दोन्ही हात जोडले. शेवटी कशालाच गुण येईना, तेव्हा त्यांनी कॅलेंडरावरचं देवीचं चित्र कापून खळीनं त्या काट्यावरच चिकटवलं. "आता बघा. हाय का कुठं ताप?" मी काय बघणार कपाळ! समोरची काच वाफेनं पांढरी झाली होती.

तेरखेड्याची गोष्ट सांगितली तर माझी बायको अजून खोटं समजते. एका लग्नाची दारू, म्हणजे शोभेची दारू, आणायला आम्ही तेरखेड्याला गेलो. हौदा बाणांनी आणि फटाक्यांनी भरलेला. परतीला येडशीच्या अलीकडं गाडी अशी तापली की बॉनेटचा रंग फुगायला लागला. मागं बसलेले नवरदेवाचे दोन मामा उड्या टाकून पळाले ते थेट शेतात. मीही दार उघडलं, तर काकांनी माझा सदरा धरला. "बसा हो मास्तर. दारू मागं हाय, ताप म्होरं हाय. दोघांची वळख न्हाय." मी तिथंच देवाला हात जोडले. मामा मंडळी पुढची वाट गाडीच्या बरंच मागून, पायीच चालत आली.

या सगळ्यात मावशीचा वाटा एवढाच की गाडी निघण्याआधी ती पुढं येऊन उभी राहायची. बॉनेटला कुंकू लावायची, काकांना रेडिएटरचं झाकण उघडायला लावायची आणि आत देवीच्या हळदीची चिमूट सोडायची. ही हळद तुळजापूरहून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून मागवलेली असायची. गाडी दारात नवी आली तेव्हा रेडिएटर गळायला लागला होता, तेव्हा मावशीनं देवीचं नाव घेऊन पहिली चिमूट टाकली आणि गळती खरंच थांबली होती. तेव्हापासून चिमटीशिवाय गाडी उंबऱ्याबाहेर जात नसे. मावशीचा हातही असा सढळ की तिची चिमूट म्हणजे दुसऱ्याची मूठ. मी ते कुंकवाच्या बोटासारखंच समजायचो आणि घागर घेऊन बसायचो.

तुळजापूरला निघण्याच्या आमच्या खेपा कुणी मोजल्या नसतील. दर वेळी मावशी हिरवं लुगडं नेसायची, खण-नारळ मांडीवर घ्यायची, आणि दर वेळी त्या चढाच्या पायथ्याला खण-नारळासकट लिंबाखाली बसायची. एसटीचा कंडक्टर ओळखीचा झाला होता. तो गाडी हळू करून ओरडायचा, "मावशी, चला की, जागा हाय!"

"नवस ह्यांच्या गाडीचा हाय बाबा, तुझ्या एसटीचा न्हाय!" मावशी तिथूनच सांगायची. मग काकांकडं बघून हळूच म्हणायची, "माझंच काय तरी चुकत आसंल. आई बोलवत न्हाय मला."

त्या वर्षी मात्र मावशीच्या गुडघ्यांनी दगा दिला. भिंत धरून चालायची. आता नाही तर कधीच नाही, हे मला दिसत होतं, म्हणून मी काकांना जवळजवळ बखोटीला धरून उमरग्याच्या मिस्त्रींकडं नेलं. मिस्त्रींनी रेडिएटरची खालची नळी सोडली. पाणी आलंच नाही. त्यांनी तार खुपसली, तेव्हा पिवळाजर्द चिखल गोळ्या-गोळ्यांनी बाहेर पडायला लागला आणि सगळ्या कारखान्यात फोडणीचा वास सुटला. मिस्त्रींनी बोट लावून हुंगलं. "या अल्ला! इसमें हल्दी कौन डाल्या जी? सालन पकाते क्या?"

माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं, आणि मागोमाग तिडीक आली. एवढी वर्षं! त्या चिमटीनंच चढ अडवला, आणि चिमूट टाकणारी लिंबाखाली बसून स्वतःला बोल लावते! "चला घरी," मी म्हणालो, "आजच्या आज मावशीला सांगून टाकतो."

काकांनी माझं मनगट धरलं. असं घट्ट त्यांनी तेरखेड्यालाही धरलं नव्हतं. "घरात अक्षर काढायचं न्हाय, मास्तर."

"म्हणजे? तुम्हाला ठाऊक होतं?"

"लई दिसांपासनं. तेरणंला नेऊन चोरून धुऊन बघितलं मी. आतलं काय निघना."

"मग त्या काट्याला कशाला शिव्या देत होता?"

"कुणाला तरी द्यायला पायजे हुत्या का न्हाय?" ते त्या चिखलाकडं बघत म्हणाले. "ती चिमूट टाकल्याबिगर तिला दम पडत न्हाय. मी परत येईस्तवर दारात बसती. गाडी तापली तर घागरभर पाणी लागतं. ती घरात बसून जळाया लागली तर म्या कुठनं पाणी आणू? आन् आता तिला सांगू, की तुझ्याच हातानं तुझा नवस आडला म्हणून?"

आत्ता माझ्या ध्यानात आलं. पट्टा, झडप, गोणपाट, पाठमोरा चढ, काट्यावरचं चित्र, हा सगळा तमाशा मावशीच्या कानांसाठी चालला होता, आणि त्यात मीही आपला घागर घेऊन नाचत होतो.

मिस्त्रींनी रेडिएटर उकलून, घासून दिला. पुढच्या मंगळवारी आम्ही निघालो. मावशी भिंत धरत धरत पुढं आली, आणि काकांनी मुकाट्यानं झाकण उघडलं. मी काकांकडं बघितलं, पण चिमूट आत गेली. चढ आला. काका देवीच्या चित्राकडं बघत होते, मी घागरीकडं. गाडी कुरकुरत, धापा टाकत वर चढली आणि देवळाची कमान दिसली. मावशीनं डोळ्याला पदर लावला. "बघितलं का? हळदीनंच आणलं आईच्या."

"व्हय, व्हय," काका म्हणाले. "हळदीनंच."

ओटी भरून झाल्यावर काकांनी तिच्या हातावर पेढा ठेवला. तिनं तो दातानं तोडला आणि अर्धा त्यांना परत दिला. आता हळदीवरचा विश्वास दुप्पट झाला म्हटल्यावर चिमूटही दुप्पट झाली, आणि दिवाळीच्या आत काटा पुन्हा लाल रेघेवर. त्यानंतर ती गाडी तो चढ कधीच चढली नाही.

पुढच्या वर्षी मावशी गेली. दिवसपाणी उरकल्यावर काकांनी पहिल्यांदा गाडी काढली, तेव्हा मी सवयीनं घागर भरून आणली. मनात आलं, आता तरी ही गाडी सुखानं चालेल. काकांनी बॉनेट पुसलं, बोटानं कुंकू लावलं, झाकण उघडलं. मग कोपरीच्या खिशातून मावशीची हळदीची पुडी काढली आणि चिमूट आत सोडली. त्यांची चिमूट लहान होती. त्यांनी थोडा विचार केला आणि अजून एक सोडली.

"काका," माझ्याच्यानं राहवलं नाही, "आता कशाला हो?"

"वर गेल्यावर पयलं हेच इचारंल ती," काका म्हणाले. "बसा मास्तर. घागर नीट धरा."