वहिनींच्या रानातलं पाणी

फौजेतून पेन्शन घेऊन घरी आलो, तेव्हा मला एकच हौस होती: ऊस. सांगलीच्या बाजूला कृष्णाकाठी आमचं काळं रान. सतरा वर्षं परमुलखात काढल्यावर स्वतःच्या मोटारीचं पाणी स्वतःच्या सरीतून पळताना बघायला मला फार आवडायचं. पिकाला गरज असो वा नसो, वीज आली की मी पाणी सोडायचो. युरियाही सढळ हातानं टाकायचो. पहिली काही वर्षं ऊस असा आला की रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे.

माझ्या रानाखाली भावकीतल्या एका वहिनींचं रान होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. पेरणीपासून काढणीपर्यंत सगळं त्या स्वतः बघायच्या. त्यांच्या रानाच्या पुढे ओढ्यापर्यंत पुन्हा माझीच एक पट्टी. म्हणजे वर मी, खाली मी आणि मधल्या खोलगटात त्या.

एका सकाळी मी खत टाकत होतो, तर वहिनी बांधावर येऊन उभ्या राहिल्या. एका हातात पिशवीभर माती, दुसऱ्या हातात घडी घातलेला कागद. सांगलीला जाऊन त्यांनी माती तपासून आणली होती.

"भावजी, रान मिठानं पांढरं पडलंय," त्या म्हणाल्या. "वरचं पाणी मुरून माज्यात साठतंय, त्याला जायाला वाट न्हाई. तिथला सायेब म्हणतोय, जमिनीखालनं भोकाचं पाइप घालून पाणी वड्याला काढा. तुमच्या पट्टीतनं चर मारावा लागंल. पाइप घातलं की माती वढायची, वर पीक घ्यायला काय अडचण न्हाई."

"उभ्या उसात चर कसा मारू देऊ?"

"ऊस गेल्यावर मारू की."

"बघू," मी म्हणालो.

ऊस तुटून गेला. वहिनी येणार हे मला ठाऊक होतं, म्हणून मी लगोलग खोडव्याला, म्हणजे बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसाला, पाणी देऊन टाकलं. मुद्दाम दिलं. कुणीतरी माझ्या रानात खणणार आणि वर माझ्याच पाण्याला दोष देणार, हे मला झोंबत होतं. दोन दिवसांनी त्या आल्या आणि ओल्या सऱ्यांकडे बघत राहिल्या. मी त्यांना तोंडही उघडू दिलं नाही.

"वयनी, तुमचं रानच खारं हाय. त्याला मी काय करू?"

त्या आल्या तशा परत गेल्या. दुपारी जेवताना बायको म्हणाली, "दोन हाताचा चर, त्यो बी बुजवायचाच हुता. द्यायला पायजे हुता."

पुढची तीन वर्षं वहिनी झगडल्या. शेणखत घातलं, जिप्सम घातलं, हिरवळीच्या खतासाठी धैंचा पेरून तो हिरवाच जमिनीत गाडला. पण साठलेलं पाणी निघत नव्हतं, आणि उन्हाळा आला की मीठ पुन्हा वर यायचं. शेवटी त्या पाटणला लेकीकडे राहायला गेल्या. रानात वेड्या बाभळी माजल्या.

नंतर माझी पट्टी बिघडायला लागली. आधी उसाच्या पानांच्या कडा करपल्या, मग कोंबच फुटेनात. मी खत वाढवलं, तसं आणखी बिघडलं. माती घेऊन सांगलीला गेलो. तपासणाऱ्या माणसानं रानाचा उतार विचारून घेतला आणि म्हणाला, "नुसत्या तुमच्या पट्टीत पाइप घालून भागायचं नाही. मधल्या रानापासून सुरुवात करावी लागेल. त्या मालकांना विचारा."

मी पाटणला गेलो. वहिनी लेकीच्या परड्यात मिरच्यांना पाणी घालत होत्या. तांब्यानं, एकेका रोपाला मोजून. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"घाला की पाइप," त्या म्हणाल्या. मग पुढच्या रोपाला तांब्या लावत, "तवा तुमी बघू म्हणला हुता. मला वाटलं, एक पीक जाऊ द्यावं, मग देतील."

"वयनी, आता परत चला. रान साफ करून देतो."

"आता गुडघं चालत न्हाईत, भावजी. चा घेऊन जावा."

चहा घेतला आणि निघालो. चुकलं माझं, हे दोन शब्द सांगायलाच खरं तर गेलो होतो. ते तसेच घेऊन एसटीत बसलो.

बाभळी काढल्या, चर मारले, पाइप घातले. पहिल्या दिवशी पाइपातून पाणी आलं, ते बोटाला लावून चाखलं, तर तोंड खारट झालं. हे पाणी ओढ्यातून नदीला आणि नदीतून खालच्या गावांना जाणार, याचंही तेव्हा वाईट वाटलं. आता मी पाणी ठिबकनं देतो आणि माती तपासल्याशिवाय खताची गोणी फोडत नाही.

माझी पट्टी दोन वर्षांत सुधारली. वहिनींच्या रानाला फार उशीर झाला होता. तिथली माती चिकट, घट्ट झाली आहे, नांगराला ढेकळं दगडासारखी लागतात. कडेनं धैंचा येतो, मध्ये मोठं टक्कल राहतं. दरवर्षी मी तो पेरतो आणि पाटणला फोन लावतो.

"गुडघ्याएवढा झालाय, वयनी."

"मधी बी आलाय का?"

"मधी न्हाई अजून."

"बरं," त्या म्हणतात आणि फोन लेकीकडे देतात.