डेसीने वाचवलेला बँड

डेसी लॅफर्टीला कुठलाही बँड आवडायचा तो फार तर तीन महिने. चौथ्या महिन्यात तो त्याच्या लेखी 'विकला गेलेला' असायचा. कोणी विकत घेतला, हे विचारायचं नाही. गायकाने नवा शर्ट घातला, रेडिओवर एकदा गाणं लागलं, गर्दीत चार अनोळखी तोंडं दिसली, एवढा पुरावा त्याला बास होता.

असे उंटावरचे शहाणे आमच्या ग्लासगोत तेव्हा पैशाला पासरी होते, पण डेसी त्यांचाही गुरू. नोकरीने पार्टिकच्या एका शाळेत शिपाई. शाळेच्याच मशीनवर झेरॉक्स काढून तो आपलं पत्रक काढायचा. नाव 'डॅम्प', म्हणजे ओल. सोळा पानं, दोन पिना आणि पानोपानी डेसीची मतं. बँडचा पहिला अल्बम तेवढा खरा, दुसरा म्हणजे शिळ्या कढीला ऊत. गाण्यात व्हायोलिन आलं की समजावं, कंपनीचा साहेब आला. टाळ्या पडाव्यात म्हणून शेवटची दोन गाणी राखून ठेवणारा बँड लबाड. हळू गाण्यात गप्पा मारणाऱ्याला बाहेर काढावं, आणि बरोबरीने मोठ्यांदा गाणाऱ्याला त्याच्याही आधी. नाकाने कांदे सोलायचा नुसता. राग याचा यायचा, की निम्म्या वेळा त्याचं बरोबर असायचं.

आमच्या बँडचं नाव 'वेट मिटन्स', म्हणजे ओले हातमोजे. गिटारवर फर्गस मॅकगार्वी, गायला आणि बेस वाजवायला त्याची धाकटी बहीण ऊना, आणि ड्रमवर मी. पहिला कार्यक्रम एका पबच्या माडीवर झाला. अकरा माणसं होती, त्यातला एक डेसी. पुढच्या अंकात त्याने लिहिलं, 'ऊना गाते तेव्हा वाटतं, ती स्वयंपाकघरात एकटी आहे आणि आपण दाराआडून ऐकतोय. ड्रमवाल्याला मात्र कोणीतरी सांगा, की दार ठोठावायचं नाहीये.' ऊनाने ते कापून आरशावर चिकटवलं. मीही हसलो. आपल्याबद्दल कोणी छापतंय, यातच आम्हाला स्वर्ग दोन बोटं उरला होता.

तेव्हापासून आमचा एकही कार्यक्रम त्याने चुकवला नाही. कोणी न सांगताच तो दारावरचा माणूस झाला. जिन्यात स्टुलावर बसायचा आणि येणाऱ्याच्या मनगटावर शाळेतला 'शाबास' असा शिक्का मारायचा. आमचा एकुलता एक अल्बम आम्ही ऊनाच्या मावशीच्या पुढच्या खोलीत केला. एका गाण्यात मावशीची किटली शिटी मारते. डेसी म्हणाला, "ही किटली पुसलीत ना, तर तुमचं तोंड बघणार नाही." आम्ही ठेवली.

एकोणनव्वदच्या नोव्हेंबरात ऊना तालमीला आली ती धावतच. तिने लंडनच्या एका कंपनीला रेकॉर्ड पाठवली होती, आणि ती कामाला होती त्या चपलांच्या दुकानात त्या कंपनीच्या माणसाचा फोन आला होता. शुक्रवारी तो आम्हाला ऐकायला येणार होता. फोन आला तेव्हा दुकानात ती एकटीच होती. फर्गस खाटकाकडे कामाला होता, हातांचा वास जात नाही म्हणून मुली जवळ यायच्या नाहीत. तो आठ दिवस प्याला नाही. नव्या तारा आणल्या. मला म्हणाला, "मॅल्की, आता मटण तोडायला दुसरा बघा म्हणावं त्यांना."

शुक्रवारी तो माणूस आला नाही. आम्ही पुढची एक खुर्ची राखून ठेवली होती. ऊना शेवटच्या गाण्यापर्यंत दाराकडे बघत गात होती. दुसऱ्या दिवशी तिने लंडनला फोन केला तर तिकडची मुलगी म्हणाली, साहेब तुमच्यावर भडकलेत, परत फोन करू नका.

"कशाला भडकेल तो?" फर्गस म्हणाला. "आलाच नाही तर भडकला कशावर?"

"मला काय माहीत? पण त्याने फोन केला होता, फर्गस. आईची शपथ."

"आईला मध्ये आणू नकोस. तुला आमच्यापुढे रुबाब करायचा होता. थापा मारल्यास, झालं."

"मॅल्की, तू तरी सांग ना याला."

मी ड्रमचे स्क्रू ढिले करत होतो. करतच राहिलो.

बँड तिथेच संपला. फर्गस तेलाच्या कामावर ॲबरडीनला गेला. सव्वीस वर्षं बहीणभाऊ बोलले नाहीत. बापाच्या अंत्यविधीला तेवढी दोन वाक्यं, तीही शवपेटी कोणी कुठून धरायची याबद्दल. तीन वर्षांपूर्वी फर्गस हार्ट अटॅकने गेला. ऊना चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसली होती, कारण पुढच्या बाकावरच्या त्याच्या मुलांना ही कोण हेच माहीत नव्हतं.

डेसीचं मात्र आमच्यावाचून काही अडलं नाही. उलट मेलेल्या बँडसारखा चांगला बँड नाही. 'डॅम्प'च्या अंकाअंकात यायचं, 'विकला न गेलेला एकच बँड, मिटन्स.' बाकी सगळ्यांना त्याने दुसऱ्या अल्बमवर पुरलं. आम्हाला दुसरा अल्बमच नव्हता.

यंदाच्या वसंतात लायब्ररीत जुन्या पत्रकांचं प्रदर्शन भरलं. शनिवारी दुपारी दोनला डेसीचं भाषण, मग चहा-बिस्किटं. ऊनाने मला फोन केला. "चल रे, घटकाभर हसू तरी येईल."

डेसी रिटायर झालाय, टक्कल पडलंय, पण माईक हातात आला आणि गडी सुटला. आम्हाला बघून तर त्याला चेवच आला.

"मिटन्सची पोरं आज इथे आहेत, म्हणून आजवर न सांगितलेली गोष्ट सांगतो," तो म्हणाला. "मी जिन्यात बसलोय. खालून एक साहेब वर येतो. उंची कोट, आणि हातात छत्री! अरे, ग्लासगोच्या वाऱ्यात छत्री कोण घेतं? ओळखलंच मी, हे लंडनचं गिऱ्हाईक. विचारतो, मिटन्स इथेच ना? म्हटलं, छे हो साहेब, जागा बदलली. आज पेस्लीला आहेत, म्हाताऱ्यांच्या क्लबात. गाडी कुठून सुटते तेही नीट दाखवलं. बिचारा रात्रभर बिंगो खेळला असेल!"

लोक खो खो हसले. डेसीने हात वर केला.

"हसू नका. सहा महिन्यांत त्याने व्हायोलिन घुसवलं असतं. किटली पुसली असती. आज तो अल्बम निर्मळ आहे तो कोणामुळे? ऊना, पोरी, मी वाचवलं तुम्हाला."

टाळ्या पडल्या. ऊनाने हातातलं बिस्किट बशीत ठेवलं आणि उभी राहिली.

"हे फर्गसला कधी सांगितलंस?"

"त्यात काय सांगायचं? वेळच नाही आली."

"ॲबरडीनला होता. सव्वीस वर्षं होता."

"अगं, पण तो अल्बम बघ ना. लोक अजून..."

"मला भाऊ होता, डेसी."

डेसी माईककडे बघत राहिला. खरं सांगतो, त्याला कळलंच नाही. आपण कौतुकाचं सांगितलं आणि ही रडते का, असा चेहरा होता. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, पण ऊना दाराकडे निघाली होती, म्हणून मीही निघालो.

बस स्टॉपपर्यंत मी डेसीला येतील तेवढ्या शिव्या दिल्या. हलकट, शाळेतल्या शाईवर जगणारं बांडगूळ, आमचं आयुष्य नासवणारा. मला वाटलं, ऊनाला बरं वाटत असेल.

"मॅल्की," ती मध्येच म्हणाली, "तुलाही वाटलं होतं ना, मी थापा मारते म्हणून?"

मी म्हणालो, तेव्हा आपण लहान होतो.

"मी ते विचारलं नाही."

"हो," मी म्हणालो. "वाटलं होतं."

"किती दिवस?"

मी घड्याळात बघितलं. दुसरं काय करणार?

"मग डेसीला शिव्या देऊ नकोस," ती म्हणाली. "त्याने एका परक्या माणसाला फसवलं. मला खोटारडी तुम्ही ठरवलंत."

बस आली. तीच माझीही होती. ऊना चढली, मी चढलो नाही.