बाबाच्या नावाचा गंज

गंज, म्हणजे भंडाऱ्याचं मोठं पातेलं, देवळाचा म्हणे. मग त्याच्यावर माह्या बापाचं नाव काहून कोरलं आहे? हे भांडण मी सुरतवरून देवळाच्या समितीसंग महिनाभर फोनवर करून राह्यलो होतो. शेवटी बाबाच्या वर्षश्राद्धाले स्वतःच निघालो.

सुरत ते धामणगाव जनरलचं तिकीट सव्वादोनशेच्या आसपास. जागेची आशा ठेवू नका, मी भुसावळपर्यंत संडासापाशी उभा होतो. धामणगावले उतरून आलुबोंडा खा, तर्री वेगळी मागा. तिथून बाभुळगावची एसटी, पुढं गावापर्यंत ऑटो. दोन्ही बाजूनं पऱ्हाटी, कापसाची वेचणी सुरू.

भंडारा असला की बाबा पहाटेपासून चुलीपाशी. पाचशे माणसांची भाजी शिजते असा गंज त्यानंच देवळाले देला. लग्न असो, मयत असो, तो कोणाच्याही घरी फुकट जाते. पण बाबा यवतमाळच्या दवाखान्यात पडला तेव्हा देवळातलं कोणी फिरकलं नाही. डबा आणला तो येशूच्या प्रार्थनावाल्यायनं. तवापासून माय रविवारी बाभुळगावले त्यायच्या प्रार्थनेले जाते. घरचे देव तिनं हलवले नाहीत. तरी देवळाच्या समितीनं ठरवलं, ह्या घरी भांडं नाही.

गंजाच्या खोलीची किल्ली बबनकाकापाशी. वीस वर्षं त्यानं बाबासंग भाजी घोटली. त्यानं चहा पाजला अन् म्हणे, "माह्या हातात असतं तं देलं नसतं काय, बाप्पा? तुह्या मायले म्हण, रविवार सोड."

प्रार्थनेतली एक ताई मदतीले आली, दिवसभर राबली. पाट मांडला तं उठली. मेलेल्याच्या नावाचं जेवण आम्हाले चालत नाही म्हणे.

घरच्या तीन पातेल्यांत शिजवलं. शंभर माणसं धरली होती, अठरा आली. बबनकाका फाटकापाशी उभा राह्यला, चप्पल न काढता गेला. उरलेलं वरण आंबलं. मायनं उकिरड्यावर टाकलं.

कुलूप तोडून गंज आणतो म्हटलं. माय म्हणे, "आणशीन. अन् उद्या कोणाचं लग्न निघालं तं त्यायनं कशात शिजवावं?"

आता परत सुरतले कापडाच्या लूमवर उभा आहे. जायचं असलं तं हिवाळ्यातच जा, रस्ता चांगला आहे. बाकी माह्यासंग आला तो आंबलेल्या वरणाचा वास. मायले सांगितलं, यवतमाळवरून तेवढाच नवा गंज आण. नाव कोरू नको. ओसरीत ठेव, कुलूप नको.

"बबननं मागितला तं?" तिनं विचारलं.

पैसे आज टाकले. सात हजार आठशे.