गोळी लागू पडल्यावर

आई गेल्यानंतर वर्षभर मी नुसते दिवस ढकलत होते. ऑफिसात साधी कामं चुकायची. मुलुंडला घरी पोचले की पर्स खांद्यालाच ठेवून सोफ्यावर बसून राहायचे. शेवटी नवऱ्यानेच मानसोपचाराच्या डॉक्टरकडे नेलं. नैराश्यावरची गोळी सुरू झाली आणि महिना-दीड महिन्यात फरक पडला. झोप लागू लागली. एक दिवस भाजीवाल्याशी मी पहिल्यासारखी हुज्जत घातली, तेव्हा नवरा शेजारी उभा राहून खुशीत हसत होता.

पण एक वेगळंच होऊन बसलं. तो जवळ आला की मला काहीच जाणवेना. राग नव्हता, कंटाळा नव्हता. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल बधिर होतो ना, तसं. पाळी जायचं वय, त्याचंच असेल, असं मी धरून चालले. मैत्रिणींना कुठे हे विचारणार? मग डोकं दुखतंय, सकाळी लवकर उठायचंय, अशी कारणं सुरू झाली.

त्याने एकदाही जाब विचारला नाही. फक्त एका रविवारी मिशा काळ्या करून आला. नंतर पोट कमी करायला रोज चालायला जाऊ लागला. पन्नाशी उलटल्यावर हे काय नवीन, म्हणून मी चिडवलं, तर खाली बघत म्हणाला, "मला वाटलं, मी तुला आवडेनासा झालो."

मला रडूच आलं. "तू आवडतोस रे. माझ्या अंगाला ते कळत नाहीये."

पुढच्या वेळी तो माझ्याबरोबर डॉक्टरच्या केबिनमध्ये आला. डॉक्टर आमच्या मुलीपेक्षा थोडीच मोठी. माझी जीभ रेटेना, तेव्हा त्यानेच, कान लाल होईपर्यंत अडखळत, सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, गोळीमुळे असं होऊ शकतं. कित्येक बायका वयाला दोष देऊन गप्प बसतात. आपल्या मनाने बंद मात्र करू नका. मग तिने हळूहळू औषध बदललं.

मधले काही आठवडे अवघड गेले. मग सुट्टीच्या एका दुपारी, मुलगी बाहेर गेलेली असताना, अंगाला जाग आली. अगदी पूर्वीसारखी नाही, पण माझी. नेमकी तेव्हाच कुकरची शिट्टी झाली आणि गॅस बंद करायला कोण उठणार, यावरून आम्ही पोट दुखेपर्यंत हसलो. कोणीच उठलं नाही. करपलेला भात संध्याकाळी वरणात कालवून खाल्ला.