दोन बोटांचं अंतर

साहेबांनी माझा नकाशा उलटा धरला होता आणि त्यांना ते कळलंही नव्हतं.

"बाई, हे नागपूर हाये का स्वेटरची डिझाइन?"

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी शहर बसच्या ऑफिसात प्लॅनिंग असिस्टंट होते. सरकारने मला सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला लंडनला पाठवलं होतं. परत येऊन ही बाई काय दिवे लावते, याकडे सगळ्या ऑफिसचं लक्ष होतं.

खरं सांगायचं तर ट्रेनिंगमधलं फारसं काही आठवत नाही. आठवते ती जमिनीखालची रेल्वे. वर थंडीने नाक गळायचं, पण लाकडी सरकत्या जिन्याने खाली उतरलं की छान ऊब. गाडी दिसायच्या आधी बोगद्यातून वारा यायचा आणि कोटाखालच्या साडीच्या निऱ्या फडफडायच्या. एक लाइन शहराभोवती गोल फिरायची. रविवारी मी तिच्यात बसून घरचा चिवडा पुरवून पुरवून खात दोन-दोन फेऱ्या मारायचे. त्या परक्या शहरात फक्त तिथेच मला एकटं वाटत नसे. प्रेमातच पडले होते म्हणा ना!

आणि एकदाही चुकले नाही. कारण डब्यातला नकाशा. त्यात रस्ते नाहीत, वळणं नाहीत. प्रत्येक लाइनीला एक रंग, सरळ रेघ आणि तिच्यावर सारख्या अंतरावर स्टेशनं. कुठे चढायचं, कुठे गाडी बदलायची, एवढंच.

तसाच मी नागपूरच्या बसचा नकाशा काढला. लकडगंजची रेघ लाल, सरकारी दवाखान्याची निळी. कोणत्याही दोन स्टॉपमध्ये बरोबर दोन बोटं जागा.

"एका स्टॉपवर महिनाभर लावा," साहेब म्हणाले. "तक्रार आली तं उतरवा. मंग या ऑफिसात लंडनचं नाव काढायचं नाही."

पंधरा दिवस बरे गेले. मग एप्रिलमधल्या एका दुपारी आमच्या कंडक्टरने एका नवरा-बायकोला ऑफिसात आणलं. नागपूरजवळच्या कुहीकडचे शेतकरी. बाईंचा गुडघा सुजलेला, तो दाखवायला दवाखान्यात निघाले होते. बस येईना, तेव्हा त्यांनी आपण सगळेच करतो तेच केलं. उभं राहण्यापेक्षा चालत पुढचा स्टॉप गाठावा, तिथेही बस नाही तर त्याच्या पुढचा. त्याआधी त्यांनी माझा नकाशा बघितला होता.

माझ्या टेबलावरच्या नकाशावर नवऱ्याने बोटं टेकवली. "बाई, हे दोन बोटं. दहा मिनटात झाले. हे बी दोनच बोटं. मंग हे काहून सरून नाही राहिले?"

दुसरं अंतर दीड मैलाच्या वर होतं. रेघ सुबक दिसावी म्हणून मीच ते आवळलं होतं. बाई भर उन्हात अर्ध्या वाटेवर खाली बसल्या, त्या कंडक्टरला दिसल्या. तोवर दवाखान्यात चिठ्ठी काढायची वेळ टळून गेली होती.

"आता पुढच्या सोमवारी. हाडाचा डॉक्टर सोमवारीच राह्यते," ते म्हणाले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. मला मान वर करवेना.

त्यांनी तक्रार लिहून दिली नव्हती. मी गप्प बसले असते तर कोणाला कळलंही नसतं. पण मीच साहेबांकडे गेले.

"उतरवा," साहेब म्हणाले.

"चार दिवस द्या, साहेब. दुरुस्त करते."

"मंग लंडनवाले कसे काय चालवते असा नकाशा?"

"तिथं गाडी नाही आली म्हणून कोणी बोगद्यातून चालत जात नाही."

साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "हे समजाले तुमाले कुहीचा माणूस लागला?"

"हो."

चार दिवस मिळाले. घड्याळ बघत मी सगळे मार्ग पायी पालथे घातले, तेही दुखऱ्या गुडघ्याच्या चालीने. दोन स्टॉपच्या मध्ये चालायला किती मिनिटं लागतात, ते प्रत्येक रेघेवर ठळक आकड्यांत लिहिलं. रेघा तितक्या देखण्या राहिल्या नाहीत.

सोमवारी सकाळी मी मुद्दाम त्या स्टॉपवर जाऊन मागे उभी राहिले. दोघं आले. बसचा पत्ता नव्हता.

"चाल वं," ते म्हणाले.

बाईंनी नकाशाकडे बघितलं आणि पिशवी खाली ठेवली. "दुसऱ्या स्टॉपच्या म्होरं पन्नास मिनटं लिवलं हाये. मले नाही चालवत. बस येऊ द्या."

आणि त्या बाकावर बसल्या. बस आली, दोघं चढले आणि वेळेत पोचले. साहेबांनी नकाशा सगळ्या स्टॉपवर लावायला मंजुरी दिली.

बस त्या दिवशी पंचवीस मिनिटं उशिरा आली होती. तेवढं मात्र कोणत्याच नकाशात दाखवता येत नाही.