टर्बोची शीळ

संध्याकाळी कसबा बावड्याच्या हवेत साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस-गोड दर्प तरंगत असतो, तेव्हा आमच्या गल्लीच्या चढावरून एक बारीक, रेशमी शीळ ऐकू येते. कुणा पाखराची नव्हे, कुणा रसिक तरुणाचीही नव्हे; आमच्या नऊ वर्षांच्या लाल गाडीच्या टर्बोची ती शीळ. ती कानी पडली की मी चहाचं आधण ठेवत आलो आहे. माझी पत्नी सुनंदा वारणानगरच्या शाळेत दिवसभर बीजगणित शिकवून परतलेली असते.

टर्बो ही मोठी विलक्षण वस्तू आहे. इंजिनानं टाकून दिलेल्या धुरावर एक इवलंसं चक्र गरगरतं, आणि त्याच गतीनं इंजिनाच्या छातीत ताजी हवा कोंबली जाते. उच्छ्वासातूनच नवा श्वास! पन्नाशी ओलांडलेल्या, जिना चढताना मधल्या पायरीवर 'सहज' थांबणाऱ्या माणसाला याहून आश्वासक तत्त्वज्ञान कुठं मिळायचं? म्हणूनच की काय, गेल्या वर्षी मला या गाडीचं इंजिन उतरवून ते नव्यानं, अधिक बलवान करून बांधण्याचा ध्यास लागला. मी इतिहासाचा प्राध्यापक. घरातल्या मिक्सरचं भांडंही मला पहिल्या खेपेला नीट बसवता येत नाही, हे आपलं तुम्हाला म्हणून सांगतो.

पण स्वप्नाला कधी पात्रतेची अट असते का? वर्षभरात मी एक वही भरून काढली. पहिल्याच पानावर मिळेल तेवढा मोठा टर्बो काढला आणि उरलेलं इंजिन त्याच्याभोवती मांडत गेलो; लग्नात आधी बँड ठरवावा आणि मग स्थळ पाहायला निघावं, तसं. मजबूत पिस्टन, रुंद नळ्या, दुप्पट ताकद! जेवताना मी या विषयावर बोलू लागलो की सुनंदा आमटी वाढता वाढता एवढंच विचारायची, की या सगळ्यात ब्रेक कुठल्या पानावर आहेत? मी ते रसिकतेच्या अभावाचं लक्षण मानत असे.

वही घेऊन एका सकाळी उद्यमनगरात गेलो. ज्या गावानं पिढ्यान्‌पिढ्या लोखंड वितळवून त्याला आकार दिला, त्या गावात इंजिनाचा जाणकार शोधायला लांब जावं लागत नाही. लेथच्या अखंड घरघरीत, तेलानं काळ्या झालेल्या बाकड्यावर दिनकर मिस्त्री बसले होते. त्यांनी वही चाळली. पानं उलटताना बोटाचे डाग पडू नयेत म्हणून कागदाची फक्त कड धरली. तेवढ्यानं मी हुरळलो. मग त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "पावणं, गाडी रोज कोण चालवतंय?"

मिसेस, मी म्हणालो.

"मग वहिनीस्नी घिऊन या की. ह्या कागदांवर मी कुणाचं इंजिन बांधू?"

मिस्त्रींचा तसा शिरस्ताच आहे, हे मागाहून कळलं. शिंपी जसा कापडाआधी अंगाचं माप घेतो, तसे ते इंजिनाआधी माणसाचं माप घेतात. गाडी रोज चालवणाऱ्याच्या शेजारी बसून, त्याच्या नेहमीच्या रस्त्यानं, एक शब्द न बोलता जाऊन येतात. त्या रविवारी आम्ही तिघं निघालो. चालक सुनंदा, शेजारी मिस्त्री, आणि मागच्या सीटवर वही मांडीवर घेतलेला अस्मादिक. गंमत पाहा, या गाडीच्या मागच्या सीटवर मी नऊ वर्षांत पहिल्यांदाच बसत होतो.

गळीत हंगाम ऐन भरात होता. शिये गाव ओलांडून पुढं गेलो तोच उसानं लादलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आडवा आला. आडवा कसला, आमच्यापुढं एक हिरवी टेकडीच डुलत चालली होती! सुनंदा मागं थांबली, समोरचा रस्ता पाहून घेतला, गिअर खाली आणला, आणि तरीही क्षणभर थांबली. मग शीळ उमटली. त्याच क्षणी ती बाहेर पडली, दोन्ही ट्रॉल्या मागं टाकून अलगद पुन्हा डावीकडं आली. मी वही छातीशी आवळून धरली होती. ती मात्र पाट्यावरचं वाटण सारखं करावं इतक्या सहजतेनं पुढं बघत होती.

मिस्त्रींनी मौन सोडलं. मधी कशाला थांबलासा, असं त्यांनी विचारलं.

"शिळेसाठी," ती म्हणाली. "शीळ आली की गाडी ओढणार हे मला ठाऊक असतं. ती यायच्या आधी मी कधीच बाहेर पडत नाही."

मिस्त्री हळूच मागं वळले. "सर, तुमच्या मोठ्या टर्बोला फिरायलाच वेळ लागतोय. शीळ ऐकून भाईर पडल्या तरी वढ येस्तवर वहिनी दुसऱ्या ट्रॉलीच्या बगलंला असत्यात, आणि समोरनं कोण येतंय ते तुमीच बगा."

सुनंदानं आरशातून एकदा माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, हेच अधिक जड गेलं. वर्षभर मी सामर्थ्याचं चिंतन करत होतो आणि ते सामर्थ्य कुणाच्या पायाखाली, कुठल्या वळणावर, कुठल्या क्षणी लागणार आहे, एवढं विचारायचं राहूनच गेलं होतं! साम्राज्यं कशी कोसळतात हे मी दरवर्षी मुलांना शिकवतो, बरं का.

आता वहीचं पहिलं पान सुनंदाच्या अक्षरात आहे. तिनं वर 'ब्रेक' लिहिलं. त्याखाली क्लच, मग इंजिन थंड राखण्याची व्यवस्था. मजबूत पिस्टन मिस्त्रींनी माझ्या समाधानासाठी राहू दिले. टर्बो मात्र हाच, एवढाच. मे महिन्यात, ट्रॉल्या रस्त्यावरून गेल्यावर आणि शाळेला सुट्टी लागल्यावर, इंजिन उतरायचं ठरलं आहे.

तोवर मी संध्याकाळी ओट्यापाशी उभा असतो. इतकी वर्षं ती शीळ मला आगमनाची वर्दी वाटत आली. पण आमच्या चढावर पोचण्याआधी ती त्या रस्त्यावर किती वेळा उमटली असेल, आणि दर वेळी तिच्यासाठी कुणी एकटीनं श्वास रोखून धरला असेल, हे कुठं माझ्या ध्यानात आलं होतं? हल्ली मी आधण आधीच ठेवतो. पाणी उकळून आटतं, पुन्हा घालतो. शीळ आली की मगच चहाची पूड टाकतो.